बोट तीच, वाट वेगळी



आज आपण नदीवरच्या बोटीबद्दल बोलणार आहोत. हल्ली मोबाईलवर युरोपातल्या नदीसहलींची चित्रं सारखी दिसतात. पांढरीशुभ्र लांब बोट, गच्चीवर मांडलेल्या खुर्च्या, दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे आणि हातात कपबशी घेऊन बसलेली माणसं. असं चित्र पाहिलं की वाटतं, आपल्याला कधी मिळायचं असं? पण अक्कलकुव्याच्या आणि धडगावच्या नर्मदाकाठची बाई वेगळंच म्हणेल. ती म्हणेल, बोटीत तर मी नेहमीच बसते. रेशन आणायला बसते, दवाखान्यात जायला बसते, माहेरी जायला बसते. मग त्या बोटीत आणि या बोटीत फरक काय? आणि तो पडला कसा? तेच आज सांगते.

आधी तिकडची गोष्ट. युरोपात ऱ्हाइन नावाची मोठी नदी आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरात उगम पावते, जर्मनीतून वाहते आणि नेदरलँड्समधून समुद्राला मिळते. डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी येतं, पावसाचंही येतं, त्यामुळे ती बारा महिने वाहते. पूर्वी तिच्या काठावर अनेक छोटी राज्यं होती आणि प्रत्येकाचा जकातीचा नाका होता. माल घेऊन निघालेल्या नावाड्याला जागोजागी थांबून पैसे भरावे लागत. १८१५ साली व्हिएन्ना शहरात युरोपातल्या राज्यकर्त्यांची परिषद भरली. नदीवर जाणं-येणं सगळ्यांना मोकळं असावं आणि देखरेखीला काठावरच्या राज्यांचा मिळून एक आयोग असावा, असं तिथे ठरलं. तो आयोग आजही काम करतो. त्यानंतर १८२७ साली कोलोन आणि माइन्झ या शहरांमध्ये प्रवाशांची आगबोट नियमित धावू लागली. आधी नियम झाले, मग प्रवाशांची बोट आली. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरी मोठी नदी डॅन्यूब. तिच्यावर आगबोटी चालवणारी कंपनी १८२९ साली व्हिएन्नात निघाली. ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ साली पुरा झाला. तेव्हापासून एकाच बोटीत बसून नेदरलँड्सपासून थेट काळ्या समुद्राकडे जाता येतं. तुम्ही म्हणाल, मधे चढ लागला तर बोट कशी चढते? तर त्यासाठी पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत. बोट एका मोठ्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, हौदात पाणी भरतं आणि पाण्याबरोबर बोट वर उचलली जाते. मग पुढचं दार उघडतं. या कालव्यावर असे १६ हौद आहेत आणि सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर आहे. हे हौद साधारण १२ मीटर रुंद असतात, म्हणून सहलीच्या बोटीही साडेअकरा मीटरच्या आतच बांधतात. लांबी फार तर १३५ मीटर आणि माणसं बहुधा दोनशेच्या आत.

या सहलीचं सुख कशात आहे? सामान एकदाच खोलीत लावायचं. रात्री बोट चालते, सकाळी डोळे उघडावेत तर नवं गाव. बोट गावाच्या अगदी मध्यावर लागते, त्यामुळे उतरलं की बाजार समोर. म्हाताऱ्या माणसांनाही झेपतं. पण नदीची लहर तिथेही चालतेच. २०१८ साली पाऊस कमी झाला आणि ऱ्हाइनचं पाणी इतकं उतरलं की मोठ्या बोटी पुढे जाईनात. प्रवाशांना बसमध्ये बसवून न्यावं लागलं. पाणी फार वाढलं तर बोट पुलाखालून जात नाही, तेव्हाही तेच.

शहरात नोकरी करणारी लेक किंवा सून कधी तुम्हाला अशा सहलीला घेऊन गेली, तर चार गोष्टी आधीच विचारून घ्या. पाणी कमी-जास्त झालं तर काय सोय करणार आणि पैसे परत मिळणार का? जेवण शाकाहारी हवं असेल तर ते पैसे भरतानाच सांगावं, बोटीवर चढल्यावर नव्हे. तिकडच्या बहुतेक देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी आजारपणाचा विमा सक्तीचा असतो. गावांत दगडी फरसबंदीचे रस्ते असतात, म्हणून घसरणार नाही अशी घट्ट चप्पल किंवा बूट हवेत. रोजच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या नंदुरबार जिल्ह्याला दोन मोठ्या नद्या आहेत, दक्षिणेकडे तापी आणि उत्तर सीमेवर नर्मदा. पण कोलोनसारखी आगबोट इथे कधी आली नाही. आपल्या नद्या पावसावर चालतात. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहतात आणि उन्हाळ्यात खडक उघडे पडतात. म्हणून जुन्या काळी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापार तापीच्या खोऱ्यातून गेला खरा, पण पाण्यावरून नाही, बैलगाड्यांनी. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच रस्त्याने नंदुरबारवरून गेला. होडी होती ती फक्त या काठावरून त्या काठावर जाण्यापुरती.

नर्मदेची तर परिक्रमा करतात. ती करायची पायी आणि नदी ओलांडायची नाही, असा नियम. फक्त समुद्राजवळ, जिथे चालायला वाटच नाही, तिथे होडीत बसायचं. आपल्या बाजूला परिक्रमेची वाट शूलपाणीच्या झाडीतून जायची. मणिबेलीजवळ शूलपाणेश्वराचं देऊळ होतं. थोडक्यात, नर्मदा ही आपल्याकडे शेकडो वर्षं चालत जायची नदी होती, बोटीने जायची नव्हे.

ते बदललं धरणामुळे. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी नवागाम इथे धरणाची पायाभरणी केली. पाण्याच्या वाटपावरून राज्यांचं भांडण झालं. त्यासाठी नेमलेल्या लवादाने १९७९ साली निवाडा दिला. महाराष्ट्राला धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा मिळाला. बुडितात आपल्या राज्यातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पहिलं पाणी मणिबेलीत शिरलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं, नवं देऊळ गुजरातमध्ये गोरा गावाजवळ बांधलं. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं लढले, आणि त्या लढ्यात बायका पुढे होत्या. काही कुटुंबं तळोदा तालुक्यात वसाहतींत गेली, काही डोंगरावरच वर सरकली. २०१९ साली धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं.

पाणी चढलं तशा नदीकाठच्या पायवाटा खाली गेल्या. नाल्यांत पाणी शिरून खाड्या झाल्या आणि शेजारच्या दोन पाड्यांच्या मधे पाणी आलं. काल जिथे चालत जात होतो, तिथे आज होडी लागते. तर आपल्याकडे बोट अशी आली. कोणी सहलीला म्हणून आणली नाही, वाट बुडाली म्हणून ती घ्यावी लागली. आणि ऱ्हाइनवर जो क्रम होता, तो इथे उलटा झाला. बोट आधी आली, नियम अजून मागून येताहेत.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. डॅन्यूब नदीत, रुमानियाच्या हद्दीत, आदा काले नावाचं एक बेट होतं. तिथे तुर्की बोलणारी माणसं राहायची. त्यांची मशीद होती, छोटासा बाजार होता, अंजिराची झाडं होती. आयर्न गेट नावाचं धरण बांधलं, ते १९७२ साली पुरं झालं आणि त्याच्या पाण्यात हे बेट गेलं. माणसं पांगली, काही रुमानियातच दुसरीकडे गेली, काही तुर्कस्तानात. मशिदीतला मोठा गालिचा कॉन्स्टान्त्सा शहरातल्या मशिदीत नेऊन ठेवला. आज सहलीच्या बोटी त्याच पाण्यावरून जातात. प्रवासी दोन्हीकडचे कडे बघतात, फोटो काढतात. खाली एक गाव आहे, हे कोणी सांगितलं तरच कळतं.

आता आपल्या बोटीवरच्या एका बाईची गोष्ट. अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचं नाव २०२० साली देशभर गेलं. करोनाच्या भीतीने नदीपलीकडच्या पाड्यांवरच्या बायका बाळांना घेऊन अंगणवाडीत येईनात. तेव्हा रेलूताईंनी एका मासेमाऱ्याची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्ही मारत त्या पाड्यांवर जाऊ लागल्या. येऊन-जाऊन सुमारे १८ किलोमीटर, आठवड्यातले बरेच दिवस. बाळांची वजनं घ्यायची, पोषण आहार पोचवायचा, गरोदर बायकांची विचारपूस करायची. पुढे चालून पाडे गाठायचे ते वेगळंच. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखानाही याच पाण्यावर फिरत आला आहे. रेलूताईंचं कौतुक सगळ्यांनी केलं आणि ते व्हायलाच हवं. पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारायला हवा. सरकारी काम करणाऱ्या बाईला मागून घेतलेली होडी का वल्हवावी लागावी?

पाण्यावर चुकीला माफी नसते. २०१९ च्या मकरसंक्रांतीच्या सुमारास धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेच्या पूजेला गेलेल्या माणसांची होडी उलटली. होडीत माणसं खच्चून भरलेली होती. लेकरांसह काही जीव गेले. हे फक्त गरिबाच्या होडीला होतं असंही नाही. २९ मे २०१९ रोजी बुडापेस्ट शहरात, भर पावसात, रात्रीच्या वेळी डॅन्यूबवर एका लहान सहलीच्या बोटीला मोठ्या क्रूझ बोटीची धडक बसली. काही सेकंदांत लहान बोट बुडाली. ३५ जणांपैकी फक्त सात वाचले. अंगावर लाइफ जॅकेट नव्हती.

म्हणून बोट साधी असो की क्रूझ, बसण्याआधी हे बघा. किती माणसं बसवायची ते ठरलेलं आहे का, आणि तेवढीच बसली आहेत का? जास्त झाली तर दुसऱ्या फेरीची वाट बघा, सणाच्या दिवशी तर नक्कीच. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं आणि त्याचे पट्टे आवळलेले हवेत. लहान मुलांना लहान मापाचं द्या, मोठ्यांचं जॅकेट मुलांच्या डोक्यावरून निसटतं. पदर खोचून घ्या. वारा सुटला, आभाळ भरून आलं, तर निघू नका. मधे उभं राहू नका. फोटोसाठी किंवा फूल-नारळ सोडण्यासाठी सगळ्यांनी एका बाजूला झुकू नका, होडी उलटते ती बहुधा अशीच. उलटलीच तर उलट्या होडीला धरून राहा. कोणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका, दोर, काठी, साडी किंवा घट्ट झाकणाचा रिकामा डबा फेका. असा एखादा डबा आणि दोर प्रत्येक होडीत असावा, त्याला फार खर्च येत नाही.

शेवटी पुढच्या दिवसांबद्दल. धरणाच्या खालच्या अंगाला केवडियाजवळ सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा उभा आहे. २०२० साली तिथे पर्यटकांसाठी क्रूझ बोटीची सेवा सुरू झाली. मणिबेलीपासून ही जागा लांब नाही. उद्या धरणाच्या वरच्या पाण्यात, आपल्या पाड्यांसमोरूनही सहलीच्या बोटी जाऊ लागल्या तर नवल नाही. त्यात वाईट काही नाही. घाटावर भाकरी-चटणी, आमचूर, मोहफुलांचे लाडू विकून चार पैसे आपल्या गटांनाही मिळतील. पण ते कोणाला मिळणार, हे आधी ठरवावं लागेल.

अक्राणी आणि अक्कलकुवा हे पेसा कायद्याखालचे तालुके आहेत. १९९६ च्या या कायद्याने ग्रामसभेला मोठा अधिकार दिला आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावरच राहू देऊ नका. तिथे तीन गोष्टी लिहून मागा. पहिली, पाड्यांना जोडणारी बोट ठरलेल्या वेळी सुटावी आणि तिच्यात जॅकेट असावीत. दुसरी, पाणी खाली-वर झालं तरी गरोदर बाईला उतरता येईल असा पायऱ्यांचा घाट व्हावा. तिसरी, पर्यटनाची बोट येणार असेल तर घाटावरच्या विक्रीचा पहिला हक्क काठावरच्या गटांचा राहावा, आणि नावाडी म्हणून काठावरच्याच पोरा-पोरींना काम मिळावं. पोरी म्हणते आहे, कारण वल्हं त्यांनाही येतं, हे रेलूताईंनी दाखवलं आहे.

ऱ्हाइनच्या काठच्या लोकांनी बोटीआधी नियम केले. आपली बोट आधी आली, पण नियम करायला अजून उशीर झालेला नाही. पुढच्या महिला सभेची तारीख ग्रामसेवकांना विचारा आणि हा विषय त्या दिवशीच्या कागदावर लिहून घ्या.