पचमढीच्या वालुकाश्म दऱ्यांतील पायवाटा : ‘शोधा’च्या इतिहासाची पुनर्तपासणी

प्रस्तावना

सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर पचमढीचे पठार वसले आहे. मध्य प्रदेशातील नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यातील हे स्थळ आज थंड हवेचे ठिकाण आणि पदभ्रमणाचे क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. पर्यटनविषयक पुस्तिकांतून एक विधान सातत्याने आढळते : पचमढीचा ‘शोध’ कॅप्टन जेम्स फोर्सिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५७ मध्ये लावला. हे विधान इतके रूढ झाले आहे की, त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. मात्र विदर्भातील असंख्य कुटुंबांना हे डोंगर ‘महादेवाचे डोंगर’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. ज्या प्रदेशात लोक नवस फेडण्यासाठी चालत जात होते, त्या प्रदेशाचा ‘शोध’ लागला म्हणजे नेमके काय घडले, हा प्रश्न प्रस्तुत लेखात मांडला आहे. त्यासाठी येथील पायवाटा हेच प्रमुख साधन मानले आहे.

भूरचना आणि वाटांची निश्चिती

पचमढीचे पठार गोंडवन संघातील, ट्रायासिक कालखंडातील जाड वालुकाश्म थरांचे बनले आहे. या खडकाला उभ्या भेगा आहेत. पावसाचे पाणी या भेगांतून शिरते, त्या रुंदावते आणि सपाट पठाराला अचानक छेद देणाऱ्या अरुंद, खोल घळी निर्माण होतात. हांडी खोह हे त्याचे ठळक उदाहरण होय. कड्यांच्या पायथ्याशी मऊ थर झिजून गुहा व शैलाश्रय तयार होतात, तर घळींच्या ओलसर तळाशी नेचे आणि दाट वनस्पती वाढतात.

या रचनेचा ऐतिहासिक परिणाम महत्त्वाचा आहे. उभ्या कड्यांमुळे माणसाला कोठूनही चढता येत नाही. खिंड, ओढ्याचे पात्र किंवा खडकातील चीर जेथे वाट देईल तेथूनच जावे लागते. त्यामुळे काळ बदलला, चालणारे बदलले, तरी मोक्याच्या वाटा फारशा बदलल्या नाहीत. नवी वाट बहुधा जुन्या वाटेवरच पडली. येथील शैलाश्रयांतील चित्रे मानवी वावराची प्राचीनता सिद्ध करतात. डी. एच. गॉर्डन यांनी १९३० च्या दशकात या चित्रांचा अभ्यास केला. त्याच दशकात जी. आर. हंटर यांनी ‘डोरोथी डीप’ या शैलाश्रयात उत्खनन केले व त्याचे अहवाल नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ही बाब विदर्भातील अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

दक्षिणेकडून येणारी वाट

महादेव डोंगरांकडे जाणारी यात्रेची जुनी वाट दक्षिणेकडून, म्हणजे छिंदवाड्याच्या बाजूने येते. जुन्नारदेव येथील देवस्थानाला आजही ‘पहिली पायरी’ म्हणतात. प्रत्यक्ष शिखर तेथून बरेच दूर असताना पहिली पायरी तेथे मानली जाते, कारण यात्रेकरूच्या दृष्टीने डोंगर तेथूनच सुरू होतो. पुढे भुराभगत आणि अखेरीस सुमारे १,३०० मीटर उंचीचे चौरागड असा हा क्रम आहे. महाशिवरात्रीला खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन भाविक चौरागड चढतात. शिखरावर साचलेले हजारो त्रिशूळ हीच या वाटेची नोंदवही होय.

दुसरी यात्रा नागद्वारीची. श्रावणात, नागपंचमीच्या सुमारास, धूपगडाच्या परिसरातील दाट अरण्यातून पद्मशेष, चिंतामणी, स्वर्गद्वार अशा गुहास्थानांपर्यंत भाविक चालत जातात. ऐन पावसाळ्यात, निसरड्या खडकांवरून होणाऱ्या या यात्रेत विदर्भातील भाविकांचे प्रमाण मोठे असते आणि वाटेवरील अन्नछत्रेही बहुतांशी विदर्भातील मंडळे चालवितात.

तथापि ही वाट केवळ मराठी यात्रेकरूंची नव्हे. हा मुळात कोरकू आणि गोंड समाजांचा प्रदेश आहे. देवस्थानाची परंपरागत राखण कोरकू ठाकुरांकडे होती. गोंडांच्या लिंगो-कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो व लिंगो त्यांची मुक्तता करतो. या गुहेचा संबंध अनेक गोंड परंपरा याच डोंगरांशी जोडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी संकलित केलेली ही कथा त्यांच्या निधनानंतर, १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे भाविकाला जी गुहा देवाचे स्थान वाटते, तीच दुसऱ्या परंपरेत बंदिवासाची आणि मुक्तीची जागा आहे.

उत्तरेकडून आलेला अधिकारी

फोर्सिथ यांचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये प्रकाशित झाले. त्यात वर्णिलेली पचमढीची मोहीम १८६२ मधील आहे. १८५७ मधील नव्हे. ‘बायसन लॉज’ ही त्यांची वास्तूही याच मोहिमेशी निगडित आहे. ते जबलपूरहून नर्मदेच्या खोऱ्यातून, म्हणजे उत्तरेकडून आले.

या दोन सनांमधील फरक किरकोळ नाही. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले आणि या भागातील काही जमीनदारांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. हर्राकोटचे भभूतसिंग हे त्यांतील प्रमुख होत. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. या घटनाक्रमात पाहिले असता १८६२ ची मोहीम हा एकाकी साहसवीराला लागलेला योगायोगाचा शोध उरत नाही. नव्या प्रशासनाला जंगलाची मोजदाद हवी होती. आणि ज्या डोंगरांनी बंडखोरांना आसरा दिला, त्यांच्या वाटा माहीत असणे शासनाला अडचणीचे खासच नव्हते. विशेष म्हणजे फोर्सिथ यांच्याच पुस्तकात महादेवाच्या यात्रेचे, तेथील गर्दीचे आणि पटकीच्या भयाचे वर्णन येते. ‘शोधा’चे खंडन करणारा पुरावा अशा रीतीने ‘शोधका’च्याच लेखनात उपलब्ध आहे.

१८७० मध्ये मुंबई–जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि पिपरिया हे पचमढीचे प्रवेशद्वार ठरले. पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. उत्तरेची वाट अधिकृत झाली. दक्षिणेची ‘यात्रेची’ म्हणून बाजूला राहिली.

नावे आणि हक्क

वाटांबरोबर नावेही आली. बी फॉल, डचेस फॉल, फेअरी पूल, फोर्सिथ पॉइंट ही नावे सहलीला निघालेल्या माणसाची आहेत. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या पत्नी आयरीन बोस यांच्या नावाने ‘आयरीन पूल’ ओळखला जाई. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांची जमुना प्रपात, जलावतरण, अप्सरा विहार, प्रियदर्शिनी, रम्यकुंड अशी नामांतरे झाली. येथे एक विसंगती नोंदवावी लागते : इंग्रजी नावांच्या जागी संस्कृतनिष्ठ नावे आली, परंतु कोरकू वा गोंडी नावांचा विचार झाल्याचे या यादीत तरी दिसत नाही. याउलट, एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी येथील खडकांच्या थरांना ‘महादेव’ हेच नाव दिले. लोकनामाचा हा दुर्मीळ विजय होय.

पुढील टप्पा संरक्षणाचा. पचमढी अभयारण्य १९७७ मध्ये, तर सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये घोषित झाले. १९९९ मध्ये पचमढी जीवावरण राखीव क्षेत्र अस्तित्वात आले व २००९ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात समावेश झाला. नागद्वारीची वाट आता व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि यात्रेच्या मोजक्या दिवसांतच खुली होते. मोठ्या जनसमुदायामुळे नाजूक घळींवर पडणारा ताण खरा आहे, तो नाकारता येत नाही. परंतु यात्रेकरू हा अरण्यातील आगंतुक आहे, हे गृहीतक इतिहासाला मान्य होणारे नाही. निर्बंध आवश्यक असतील. त्यांचे समर्थन मात्र वाटेचे प्राचीनत्व मान्य करूनच व्हावयास हवे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पचमढीचा ‘शोध’ हा वस्तुतः प्रशासकीय नोंदीचा आरंभ होय, वहिवाटीचा नव्हे.

२. १८५७ हे प्रचलित साल फोर्सिथ यांच्या स्वतःच्या कथनाशी जुळत नाही. १८५८ च्या संघर्षानंतरची १८६२ ची मोहीम हाच अधिक विश्वसनीय संदर्भ आहे.

३. उत्तरेची वाट कागदपत्रांत, तर दक्षिणेची वाट प्रामुख्याने स्मृतीत जतन झाली. साधनांच्या या विषमतेमुळेच एकीला इतिहास आणि दुसरीला श्रद्धा असे संबोधले गेले.

यांतील तिसरा निष्कर्ष अध्यापकांवर एक जबाबदारी टाकतो. महादेवाची गाणी, मुक्कामांचे क्रम, पायी गेलेल्या वृद्धांच्या आठवणी ही साधने विदर्भातील आपल्याच विद्यार्थ्यांच्या घरांत आहेत. वाहनाने पचमढीपर्यंत जाणाऱ्या पिढीला मधले मुक्काम ठाऊक नाहीत. इतिहास आणि मराठी विभागांनी संयुक्तपणे ही मौखिक साधने नोंदविण्याचे काम हाती घेतले, तर पुढील अभ्यासकाला या डोंगरांचा इतिहास एकाच दिशेने वाचावा लागणार नाही.