कौल : दिलेल्या शब्दाची कुळकथा

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘जनतेचा कौल’ हमखास असतो. मालवणकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र हा शब्द वाचताना ग्रामदेवतेचा गाभारा उभा राहतो.

गुरव देवाच्या पाषाणाला ओले तांदूळ किंवा फुलांचे कळे लावतो. गाऱ्हाणे घातले जाते, मानकरी ‘होय महाराजा’ म्हणतात आणि सगळ्यांची नजर पाषाणावर खिळते. उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. ‘देवान उजवो कौल दिलो’ एवढे कानी आले की अडलेले काम मार्गी लागते.

शब्द मूळचा अरबी. ‘कौल’ म्हणजे बोल, दिलेला शब्द. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दरबारांत आला. कव्वाली ही त्याचीच नातलग. छपरावरचे ‘ते कौल’ मात्र वेगळ्या कुळातले. सुलतानी अमलात आणि पुढे मराठेशाहीतही सरकार रयतेला कौल देई: पडीक जमीन लागवडीला आणा, ठरल्या मुदतीपर्यंत सारा कमी घेऊ. अशा अभयावर परागंदा कुळे गावात परतत. लेखी कौल म्हणजे कौलनामा.

हा दरबारी शब्द देवळात कसा शिरला, त्याची खूण मला गाऱ्हाण्यातच दिसते. तिथे देवाला ‘महाराजा’ म्हणून हाक मारतात. गावाचा खरा धनी देव. मग धन्याचा शब्द तो कौल.

मालवण तालुक्यात हा शब्द आजही पाळला जातो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. दरवर्षी देवीच्या कौलानेच तारीख ठरते. आचऱ्यात रामेश्वराने गावपळणीचा कौल दिला की घरांना कुलपे लागतात. गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर राहुट्यांत तीन दिवस, तीन रात्री राहतो. परततानाही कौल घ्यावाच लागतो.

सरकारचा, मग देवाचा आणि आता मतदारांचा, असा हा शब्द हातोहात आला. प्रत्येक ठिकाणी त्याने दोन्ही बाजू बांधल्या. म्हणून जनतेचा कौल मिळाल्याचे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: कौल म्हणजे निव्वळ विजय नव्हे, तो पाळायचा शब्द आहे.