शिरका किती काळ टिकतो?

घरांना आशीर्वाद देत हिंडताना पुष्कळ स्वयंपाकघरांच्या फळीवर एक काळसर बरणी हटकून नजरेस पडते. घरातील थोरली बाई अभिमानाने सांगते, 'फादर, हा आमच्या सासूबाईंच्या वेळचा शिरका. शिरका कधी नासत नाही.' तेवढ्यात सून दुकानातून आणलेली बाटली पुढे करते. तिच्यावर महिना आणि वर्ष छापलेले असते आणि ती तारीख उलटून गेलेली असते. सणाच्या लोणच्यासाठी यांपैकी कोणता शिरका घ्यावा, असा वाद आमच्यासमोर मांडला जातो. सेमिनरीत हा विषय कोणी शिकवला नव्हता. परंतु इतिहासात डोकावले तर उत्तर सापडते, आणि ते दोघींनाही अर्धेच अनुकूल आहे.

प्रथम शब्दाविषयी. आपल्या मराठी बायबलात प्रभूच्या दुःखसहनाच्या वृत्तांतात 'आंब' हा शब्द येतो. क्रुसाजवळ जे भांडे भरून ठेवले होते, ते बहुधा रोमन शिपायांच्या नित्याच्या पेयाचे असावे. आंबलेला द्राक्षारस पाण्यात मिसळून ते पीत आणि त्याला 'पोस्का' म्हणत. रूथच्या पुस्तकात बवाजाच्या शेतातील कापणीवाल्यांच्या जेवणातही हीच आंब आहे. तेथे भाकरीचा तुकडा तिच्यात बुडवून खाल्ला जातो. फ्रेंच भाषेतील नावाचा अर्थच मुळी 'आंबट द्राक्षारस' असा आहे. पोर्तुगिजांचे 'विनाग्रे' कोकणीत 'विनागर' झाले, आणि फारसीतून आलेला 'शिरका' मराठीत रुळला. नावे अनेक असली तरी वस्तू एकच: मद्य उघड्यावर राहिले की त्याचे जे होते ते.

या 'बिघडलेल्या' पदार्थानेच इतर पदार्थ बिघडण्यापासून वाचवावेत, हे माणसाला फार पूर्वी उमगले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्पेनमधील कादिझ येथे जन्मलेल्या कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा बारावा भाग शेतघर सांभाळणाऱ्या बाईच्या कामांविषयी आहे. साठवणुकीसाठी शिरका आणि कडक मिठवणी या दोन गोष्टी अत्यंत आवश्यक आहेत, असे तो बजावतो, आणि उतरलेल्या द्राक्षारसापासून शिरका कसा करावा हेही सांगतो. कित्येक ठिकाणी त्याचे प्रमाण दोन भाग शिरका आणि एक भाग मिठवणी असे आहे. ही मिठाची जोड ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पोर्तुगीज खलाशी मांस टिकवण्यासाठी ते द्राक्षारस व लसूण यांत मुरवीत. त्या पाककृतीचे नाव 'विन्य द आल्योस'. गोव्यात तिचे 'विंदाल' झाले, आपल्या उत्तर कोकणात 'इंद्याल' झाले, आणि इंग्रजांच्या हॉटेलांत 'विंदालू' झाल्यावर काही बल्लवाचार्यांनी तिच्यात बटाटे घातले! नावातला 'आलू' हा लसूण आहे, बटाटा नव्हे. असो. गोव्यात द्राक्षांचे मळे नव्हते, माड मात्र होते. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात माडाच्या प्रकरणी सुरेपासून उन्हात शिरका करण्याचा उल्लेख आहे. पुढे यान हायखेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस होता. त्याचे प्रवासवर्णन १५९६ साली प्रसिद्ध झाले. सूर थोडा वेळ उन्हात ठेवली की उत्तम शिरका होतो आणि या देशात दुसरा शिरकाच नाही, असे तो नोंदवतो. दुसरा भाग अर्थातच त्याच्या ओळखीच्या देशापुरता खरा मानावा.

सूर हा शिरक्यासाठी जणू घडवलेलाच रस. त्यात साखर असते, हवेतील व भांड्यातील किण्व लागलीच कामाला लागतात आणि काही तासांत मद्य तयार होते. मग दुसरे जीव त्या मद्याचे आम्ल करतात. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे आली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकली. राज्य गेले, बरणी राहिली. तिला धक्का बसला तो १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने. ताडी-माडी काढणे कायद्याच्या कचाट्यात सापडले आणि घरच्या शिरक्याचा कच्चा मालच दुर्मीळ झाला. मग दुकानातील बाटली घरात आली. तीही दोन प्रकारची असते. एक आंबवून केलेली, दुसरी कारखान्यातील ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेली. दुसरीवर 'कृत्रिम' असा उल्लेख असावा लागतो. दोहोंत किमान पावणेचार टक्के आम्ल असलेच पाहिजे, असा आपल्याकडील नियम आहे.

आता मूळ प्रश्न. शिरका नासतो का? याचे उत्तर फ्रान्समधील ओर्लेआं या नगरीत सापडते. तेथे शिरका करणाऱ्यांचा संघ १३९४ पासून होता. पिंपात चांगला शिरका आधीच ठेवून त्यात थोडा थोडा द्राक्षारस घालायचा, पिंपाच्या तोंडाशी भोके ठेवून हवा खेळू द्यायची आणि तयार झाला तेवढा काढून घ्यायचा, अशी त्यांची रीत. वर एक पातळ साय धरे. ती काय काम करते हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. लीबिखसारखा थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञही ही क्रिया निव्वळ रासायनिक मानी. लुई पाश्चर यांनी १८६४ साली सिद्ध केले की ती साय म्हणजे जिवंत सूक्ष्मजीवांचा थर आहे आणि हवेतील प्राणवायू मद्यापर्यंत पोहोचवून आम्ल करणारे तेच आहेत. १८६७ साली ओर्लेआंच्या व्यापाऱ्यांसमोर त्यांनी याविषयी व्याख्यान दिले, आणि १८६८ मध्ये त्यांचे शिरक्यावरील पुस्तक निघाले. पिंपांत वळवळणाऱ्या सूक्ष्म अळ्यांना जुने कारागीर उपकारक समजत. त्या त्या सायीशी प्राणवायूसाठी झगडतात आणि कामात खोडा घालतात, हेही पाश्चर यांनी दाखवले.

परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा शोध पुढेच आहे. मद्य संपले म्हणून हे जीव स्वस्थ बसत नाहीत. हवा मिळत राहिली तर ते स्वतः तयार केलेले आम्लच जाळू लागतात आणि त्याचे पाणी व कर्बवायू करून टाकतात. म्हणजे अर्धवट भरलेल्या, सैल झाकणाच्या बरणीतील घरगुती शिरका वर्षानुवर्षे बसून राहिला तर तो अधिक कडक न होता हळूहळू फिका पडू शकतो. वासावरून हे कळेलच असे नाही. उपायही पाश्चर यांनीच सांगितला. शिरका तापवावा, म्हणजे ते जीव मरतात. मग घट्ट बंद करावा. दुकानातील शिरक्यावर बहुधा असेच संस्कार झालेले असतात किंवा तो गाळलेला असतो. म्हणून बंद बाटलीतील पांढरा शिरका जवळपास अमर्याद काळ टिकतो. छापलेली तारीख रंग व स्वाद यांची हमी देते. ती उलटली म्हणून तो विष होत नाही. तळाशी गाळ बसला, पाणी गढूळ झाले किंवा बुळबुळीत 'आई' धरली, तरी भ्यायचे कारण नाही. हिरवी-काळी लवदार बुरशी दिसली मात्र ओतून द्यावा.

शिरका टिकला म्हणजे लोणचे टिकेलच, असे मात्र नाही. काकडी, कांदा, कैरी यांत बहुतांश पाणीच असते. समजा, चार टक्क्यांचा अर्धा लिटर शिरका घेतला आणि भाज्यांतून अर्धा लिटर पाणी सुटले, तर बरणीत उरतो दोन टक्क्यांचा शिरका! कोलुमेलाचे मीठ येथे कामास येते. आधी मीठ लावून पाणी काढून टाकले की शिरक्याचे बळ टिकते. आपल्या आज्या फोडी मीठ लावून फडक्यावर पसरीत, ती उगीच केलेली खटपट नव्हती. अमेरिकेत घरगुती साठवणुकीसाठी पाच टक्के आम्लाचाच शिरका घ्यावा आणि ज्याचे बळ माहीत नाही असा घरचा शिरका त्यासाठी वापरू नये, असा दंडक आहे.

हा दंडक अतिरेकी वाटेल, त्यासाठी एक घटना सांगतो. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एल्झेल या गावी अंत्यविधीसाठी आलेल्या वाजंत्र्यांनी मिठवणीत ठेवलेले डुकराचे मांस कच्चेच खाल्ले. पुष्कळजण आजारी पडले आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून बोट्युलिझमचा जंतू वेगळा काढला. हा जंतू हवाबंद जागी विष तयार करतो, आणि त्या विषाला वास-चव असेलच असे नाही. आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे शास्त्रज्ञांच्या मापात पीएच ४.६ च्या खाली असेल, तर तो वाढू शकत नाही. सोरपोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते हे खरे. तरी ते रोज उकळण्याची जुनी शिस्त आणि आजचा फ्रिज, दोन्ही हवीत.

भांड्याचाही विचार हवा. फ्रेडरिक ॲकम यांनी लंडनमध्ये १८२० साली अन्नातील भेसळीवर लिहिलेल्या पुस्तकात, लोणची हिरवीगार दिसावीत म्हणून ती तांब्याच्या भांड्यांत शिजवीत, या विषारी प्रकाराची वाच्यता केली आहे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेत शिरका क्षणभरही ठेवू नये. काच किंवा चांगली चिनी मातीची बरणी बरी. पत्र्याचे झाकण गंजते, म्हणून बूच किंवा प्लास्टिकचे झाकण असावे.

तेव्हा सासूबाईंच्या बरणीतील शिरका इंद्यालात, मोलोत, मासळीला लावायला खुशाल वापरावा. शिजवून एक-दोन दिवसांत संपणाऱ्या पदार्थात त्याचा स्वादच मोलाचा. वर्षभराच्या लोणच्यासाठी मात्र सुनेची बाटली घ्यावी, आणि तारखेऐवजी तिच्यावरील आम्लाचा टक्का वाचावा. उरलेला घरचा शिरका साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून, लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून अंधाऱ्या जागी ठेवावा. त्यापूर्वी पेलाभर बाजूला काढायला विसरू नये. पुढच्या खेपेला ताजी सूर मिळालीच, तर विरजण त्याचेच लागेल.