पाट्यांवरचा भार

भाईंदरच्या इंद्रलोकात मालाचा टेम्पो उभा दिसला की आम्ही प्रथम त्याच्या पोटाखाली पाहतो. भोवती खाडी आणि मिठागरे. लोखंडाला हवाच वैरी. (आणि नाव इंद्राचे, म्हणजे पावसाला आमंत्रणच!)

बैलगाडीची साटी सरळ आसावर बसे. दगडाचा हादरा मालाला आणि हाकणाऱ्याला सारखाच पोचे. 1804 मध्ये इंग्लंडात ओबाडाया इलियट याने घोडागाडीच्या कमानीदार पोलादी पाट्यांचे पेटंट घेतले. तेच पाटे मोटारीत आले, आणि 2005 साली गिरीश वाघ यांच्या चमूने पुण्यात घडविलेल्या टाटांच्या ‘एस’मध्येही टिकले. हे जुनाटपण नव्हे. पाटा भार तोलतो, आसाला जागेवर धरतो, पात्यांच्या घर्षणाने हेलकावाही थोडा शमवितो. शिवाय रस्त्याकाठचा मिस्त्रीही तो बदलू शकतो.

2022 मध्ये विजेवरची ‘एस’ आली, आणि हौद्याखाली 21.3 किलोवॉट-तासांची बॅटरी बसली. डिझेलची टाकी रिती होते तशी हलकी होते. बॅटरी रिती झाली तरी तिचे वजन तेवढेच. माल उतरला तरी पाट्यांना तो भार सुटत नाही. 2005 ची गाडी 750 किलो माल नेई, ही 600. एक टन नेणारी विजेची ‘एस’ 2024 मध्ये निघाली. आम्हांस मात्र वजनापेक्षा खालच्या पेटीची चिंता अधिक वाटते. तिथे साचलेले पाणी, खारी हवा आणि खड्डा तिघेही पोचतात. आणि मिस्त्रीला गाडीखाली शिरून नारिंगी तारांना हात लावण्यापूर्वी वीज तोडावी लागते.