माध्यान्ह भोजन योजना आणि भेदभावास प्रतिबंध

शासकीय निधीतून चालणाऱ्या कार्यक्रमात जातीवरून भेदभाव होऊ नये, यासाठी कायदे व मार्गदर्शक सूचना आहेत. शाळेतील दुपारच्या जेवणात त्यांची दररोज कसोटी लागते.

पार्श्वभूमी

बंगळुरू येथे २००० साली अक्षय पात्र संस्थेने पाच सरकारी शाळांतील १,५०० मुलांना भोजन देण्यास प्रारंभ केला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न देण्याचा आदेश राज्यांना दिला. कर्नाटक सरकारने २००२ साली 'अक्षर दासोह' योजना सुरू केली. 'दासोह' हा शरण परंपरेतील अन्नदानाचा शब्द आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या प्रेरणेने कल्याण येथे जमलेल्या शरणांनी जातिभेद नाकारला होता. केंद्राची ही योजना २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने ओळखली जाते.

शहर आणि गाव

बंगळुरूत अनेक शाळांना मोठ्या सामायिक स्वयंपाकघरांतून वाहनाने अन्न येते. ते कोणी शिजविले, हे मुलांना दिसत नाही. गावात मात्र अन्न बहुधा शाळेच्या आवारातच शिजते आणि स्वयंपाक करणाऱ्या महिलेची जात सर्वांना ठाऊक असते. दलित महिलेने शिजविलेले अन्न मुलांना खाऊ न देण्याचे प्रकार कर्नाटकासह अनेक राज्यांत घडले आहेत.

नियम काय सांगतात?

२० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस यांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना प्राधान्य देण्याचा आदेश दिला. दुर्बल व वंचित घटकांतील बालकांशी शाळेत भेदभाव होणार नाही, याची जबाबदारी शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ८ अन्वये शासनावर आहे. त्यासाठी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१२ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. योजनेच्या पाहणीत स्वयंपाक, वाढप व बैठक या तिन्ही ठिकाणी जात, लिंग वा समुदायावरून भेदभाव होतो काय, हे तपासण्यात येत असे.

बहिष्कार झाल्यास

पालकांचा विरोध होताच स्वयंपाकिणीला कामावरून दूर करणे सोपे वाटते. परंतु त्यामुळे तिची उपजीविका जाते आणि प्राधान्याच्या आदेशाचा हेतूच विफल होतो. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे वा तशी धमकी देणे, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार दंडनीय अपराध आहे. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्यामुळे अशा प्रसंगी शाळेने पालकांची समजूत घालावी, सर्व मुलांना एकाच पंगतीत बसवावे आणि विरोध कायम राहिल्यास शिक्षण विभागास लेखी कळवावे, हाच नियमांशी सुसंगत मार्ग ठरतो.