वारली नाईकाची साक्ष

उत्तर कोकणातल्या जव्हार संस्थानचा मूळपुरुष जयबा मुकणे. त्याने तिथल्या वारली नाईकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नाईक कबूल झाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांच्या वेढ्यात नाईकाचा सारा मुलूख घेतला. पुढे गंभीरगड आणि भोवतालचा प्रदेश तेवढा नाईकाला दिला. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात ही कोळ्यांची कथा म्हणून नोंदलेली आहे.

यावर पूर्वपक्ष असा: ही भाकडकथा आहे. कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही हेच सांगतात. तेव्हा कथा गाळावी आणि तारखा ठेवाव्यात. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जयबाच्या मुलाला दिलेला किताब, १६६४च्या सुरत स्वारीचा मार्ग आणि १९४८चं विलीनीकरण, एवढाच इतिहास.

कातड्याची युक्ती उसनी आहे, हे मान्य. पण वारली नाईक आणि गंभीरगड कार्थेजहून आलेले नाहीत, ते इथलेच. शिवाय कथा जिंकणाऱ्या कोळ्यांची आहे. जमीन आधी दुसऱ्याची होती आणि आपण ती चलाखीने घेतली, हे तेच सांगतात. सांगणाऱ्याच्या सोयीविरुद्ध जाणारा तपशील कुठल्याही साक्षीत वजनदार मानतात. मग इथेच तो का टाकायचा?

दुसरं, तारखांची यादी तरी कथामुक्त कुठे आहे? संस्थानच्या कागदांत कालगणना धरली ती ५ जून १३४३पासून, म्हणजे किताब मिळाला त्या दिवसापासून. बाहेरच्या सत्तेने मान्यता दिली की राज्य सुरू झालं, हीसुद्धा एक रचलेली गोष्टच. जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी राहतात. यादीत दिसतं ते मात्र एकच घराणं. कथा गाळली की वारली त्या इतिहासातून पुरता बाहेर पडतो.

कागदपत्रांचा आग्रह धरणाऱ्या इतिहासकार राजवाड्यांचंच उदाहरण घ्या. दंतकथांनी भरलेली, याच उत्तर कोकणातली ‘महिकावतीची बखर’ त्यांनी १९२४ साली छापली आणि लांबलचक प्रस्तावनेत तिच्यातून इथल्या समाजाचा इतिहास शोधला.

म्हणून सगळ्याच कथा सारख्या, असंही नाही. जयबाने खरोखर कातडं कापलं, असं कुणी लिहिलं तर ते खोडावंच लागेल. ही कथा घटनेचा पुरावा नाही. जमिनीवर आधी कुणाचा हक्क मानला जात होता, याचा ती पुरावा आहे. जव्हारच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण किताबाआधी, वारली नाईकापासून सुरू व्हायला हवं. गॅझेटियरातल्या कथेत जयबाचं नाव आहे, नाईकाचं नाही. तीही नोंद त्या प्रकरणात यावी.