काकांचा बायोडेटा

परवा नागपूरहून धाकट्या भावाचा फोन. "दादा, काकांचा बायोडेटा पाहिजे."

काका म्हणजे आमच्या लहानपणच्या खो-खोच्या मैदानावरचे काका. नातलगांना वेगळं सांगायला नको, अर्धं घर त्यांच्या शिट्टीवर धावलंय. वस्तीतल्या मंडळानं त्यांना जीवनगौरव पुरस्कार द्यायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, हॉल, सगळं पक्कं. गाडी अडली ती मानपत्रावर. राष्ट्रीय पदक? नाही. राज्याच्या संघात निवड? नाही. चाळीसेक वर्षं पहाटे मैदान झाडणं, फक्की मारणं, पावसाळा संपला की खांब पुन्हा नीट रोवणं, आणि एखाद्या मुलीला घरून बंदी झाली की तिच्या वडिलांशी ओट्यावर बसून तासभर बोलणं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मला विजय बारसे सर आठवले. २०२२ साली नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला, अमिताभनं त्यांच्यावर बेतलेली भूमिका केली, आणि सर घरोघरी पोचले. पण मूळ गोष्ट २००१ ची. सर तेव्हा हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. भर पावसात झोपडपट्टीतली काही मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. मग झोपडपट्ट्यांच्या संघांची स्पर्धाच भरवली. नाव काय, तर 'झोपडपट्टी फुटबॉल'! काही आडपडदा नाही. (मला हे नाव पुढच्या 'स्लम सॉकर'पेक्षा जास्त आवडतं. असो.) पत्नी रंजनाताई आणि मुलगा अभिजित यांनीही हे काम खांद्यावर घेतलं. इथली मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत जाऊन खेळली, आणि २०१६ मध्ये थेट फिफानं स्लम सॉकरला आपला विविधता पुरस्कार दिला. म्हणजे बादलीपासून फिफापर्यंत पंधरा वर्षं.

सरांचं मोठेपण आहेच. पण त्यांच्यामागे एक संस्था उभी राहिली, स्पर्धा झाल्या, संघ परदेशी गेले, म्हणून दाखवायला कागद होता. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचं काय? केंद्र सरकारनं २००२ मध्ये ध्यानचंद यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, २०२४ मध्ये त्याची जागा अर्जुन जीवनगौरवनं घेतली. तो अशा खेळाडूंसाठी, ज्यांनी आधी मैदान गाजवलं आणि निवृत्तीनंतरही खेळाची सेवा केली. चांगलंच आहे. पण त्यात आधी स्वतः गाजवावं लागतं. आमचे काका कधी गाजलेच नाहीत. त्यांनी दुसऱ्यांना खेळवलं.

शेवटी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "माझ्याबद्दल कायले लिहिता? पोरांची नावं लिहा नं."

आधी हसलो. मग वाटलं, खरंच की! त्यांच्याकडे हजेरीच्या वह्या आहेत, पण बऱ्याच वाळवीनं खाल्ल्यात. उरलेल्या भाऊ उतरवून काढतोय. बाकीची वर्षं आपल्यालाच भरायची आहेत. तेव्हा त्या मैदानावर खेळलेल्या सगळ्यांनी, आत्या, तूसुद्धा, आपलं नाव आणि साल मला कळवा. मानपत्र छापायला रविवारी जाणार आहे.